नऊ वर्षांचा गुडघा

दवाखान्यात तिला सगळे श्वासधराबाई म्हणत. दिवसभर जाड काचेआड उभी राहून "श्वास धरा... हलू नका... सोडा" एवढंच ती म्हणायची, मग दुसरं नाव तरी कुठून पडणार? घरी मात्र ती छोटी. बेचाळीस वर्षांची झाली, कानशिलाजवळ केस पांढरे दिसायला लागले, तरी मोठ्या बहिणीपुढे छोटीच.

वीस वर्षं ती लोकांच्या हाडांचे एक्स-रे काढत होती. माणूस तोंडानं काय वाटेल ते सांगतो. जिन्यावरून पडलो म्हणतो, दारात बोट सापडलं म्हणतो. हाड मात्र खरं तेच सांगतं, असं तिचं म्हणणं, आणि ते ती जरा तोऱ्यातच सांगायची.

ताईचा मुलगा दादू चार वर्षांपूर्वी गेला. अकरावं नुकतंच लागलं होतं. मांडीच्या हाडात, गुडघ्याच्या जरा वर गाठ झाली होती. त्याचा पहिला एक्स-रे छोटीनंच काढला होता आणि डॉक्टरांच्या आधी तिनंच तो पाहिला होता. बाहेर बाकावर ताई दादूला उसाच्या गोष्टीतला कोल्हा करून दाखवत होती. छोटीनं दार उघडलं, "डॉक्टर बघतील," म्हणाली आणि पुन्हा आत गेली. त्या दोन मिनिटांबद्दल दोघी बहिणी पुढे कधी बोलल्या नाहीत.

दादू गेल्यावर पहिल्या वर्षी ताईनं फोनवर एक ग्रुप काढला. ज्यांच्या मुलांना हाडाची गाठ आहे, होती, अशा आईबापांचा. तीनेकशे जण जमले, छोटीही त्यात होती. कुठलं औषध पोटात ठरत नाही, केस गेल्यावर टोपी कुठल्या कापडाची बरी, शाळेत काय सांगायचं, असं सगळं तिथे चालायचं. पण दुसऱ्या वर्षी ताई स्वतःच खचली. अंथरुणाला पाठ लावली ती लावलीच. भाऊजी कामाच्या गावी राहायचे, महिन्यातून दोन दिवस यायचे, आणि तेही पाहुण्यासारखे कडेला बसायचे. ग्रुपचा कारभार मग मास्तरांनी सांभाळला. मास्तर म्हणजे निवृत्त गणिताचे शिक्षक. त्यांच्या नातीला कृत्रिम गुडघा बसवला होता आणि ती चालत होती, त्यामुळे ग्रुपमध्ये त्यांच्या शब्दाला वजन होतं.

या वर्षाच्या सुरुवातीला एक नवा माणूस ग्रुपमध्ये आला. नाव लिहिलं होतं, पिटुकचा बाबा. मुलगा नऊ वर्षांचा, घरात दोघंच, मुलाची आई नाही, एवढंच त्यानं सांगितलं. आणि मग रोज संध्याकाळी चार-पाच ओळी लिहायला लागला.

"आज पिटुकला चादरीचाही स्पर्श सोसवेना. दोन उशा उभ्या करून त्यावर पांघरूण टाकलं, म्हणजे पाय आत मोकळा राहतो. म्हणाला, बाबा, माझ्या पायाला स्वतःचं घर मिळालं."

"दुखणं बाहेरून येत नाही म्हणतो. आतून कुणी दार ठोठावल्यासारखं येतं. आणि उघडायला जावं तर दारच नाही."

लोक वाचून रडायचे. तीनशेतले दोनशे जण तरी रोज उत्तर लिहायचे. कुणी पिटुकसाठी चित्र काढून पाठवलं, कुणा आजींनी लोकरीची टोपी विणून तिचा फोटो टाकला. आणि एके सकाळी, दोन वर्षांत एक अक्षर न लिहिलेल्या ताईनं लिहिलं, "उशा घसरतात. त्यापेक्षा पुठ्ठ्याचं खोकं मधून कापा आणि पायावर कमानीसारखं ठेवा. माझ्या मुलाला चाललं होतं."

संध्याकाळी उत्तर आलं, "ताई, खोकं चाललं. पिटुकनं त्याला खिडकी पाडली आहे."

तेव्हापासून ताई रोज सकाळी त्याला लिहू लागली. छोटी रविवारी गेली तर दारातच थबकली. ताईनं केस विंचरले होते. स्वयंपाकघरात भांडी घासून पालथी घातलेली. ताई खिडकीपाशी खुर्ची ओढून बसली होती आणि फोनवर एका बोटानं टाइप करत होती, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"काय गं, कुणाला एवढं?"

"पिटुकला तोंड आलंय. बर्फाचा खडा चघळायला दे म्हणून सांगतेय."

छोटीला वाटलं, चला, देवानं नाही तर फोननं तरी ताईला उठवलं. ती काही बोलली नाही. उगाच दृष्ट लागायची.

दृष्ट लागली ती मास्तरांची. एका दुपारी त्यांचा फोन आला. "बाई, वेळ आहे का? एक शंका आहे. पिटुकच्या बाबाबद्दल."

"काय झालं?"

"मला तो माणूस पटत नाही. फार छान लिहितो. ज्याचं पोर मरणाच्या दारात आहे तो इतकं नेटकं लिहील? आणि दोन महिने झाले, कधी काही मागितलं नाही. कुठल्या डॉक्टरकडे जाऊ, हेही विचारलं नाही. माणूस आहे आणि काहीच मागत नाही?"

"मागितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, मागायलाच आलाय."

"म्हणालो असतो," मास्तर म्हणाले. "दुधानं तोंड पोळलंय ना आपलं."

पोळलं होतं हे खरं. मागच्या वर्षी एका बाईनं जुळ्या मुलींची कहाणी सहा महिने लिहिली होती. मग कुणाला तरी त्याच मुलींचे फोटो कुठल्याशा कपड्यांच्या जाहिरातीत सापडले. ज्या आईबापांनी स्वतःच्या आजारी पोरांच्या उशाशी बसून त्या मुलींसाठी उपास केले होते, त्यांची तोंडं अगदी कडू झाली होती.

मास्तरांनी ग्रुपमध्ये सरळ लिहिलं. गैरसमज नसावा, पण पिटुकच्या बाबांनी काहीतरी कागद दाखवावा, नाव खोडलं तरी चालेल. बरेच जण मास्तरांवर चिडले. एका दिवसानं पिटुकच्या बाबानं काही न बोलता एक एक्स-रे टाकला. कोपऱ्यातलं नाव आणि तारीख काळ्या पट्टीनं झाकलेली. गुडघ्याच्या वर, मांडीच्या हाडाच्या टोकाला, वाळवी लागलेल्या लाकडासारखं पोखरलेलं. गाठ सांगायला डॉक्टर लागत नव्हता. "आता तरी पटलं का?" म्हणून लोक मास्तरांवर तुटून पडले.

मास्तरांनी तोच फोटो छोटीला पाठवला. "तुमचा हातखंडा आहे. एकदा नजर टाका."

छोटी जेवणाच्या सुट्टीत होती. डबा उघडा ठेवूनच तिनं फोटो मोठा केला. आणि पहिल्या नजरेतच तिला खोट दिसली.

लहान मुलाच्या गुडघ्यात हाडांच्या टोकांजवळ एक काळी रेघ असते. हाड तिथून वाढतं. ती रेघ म्हणजे मोकळी ठेवलेली जागा, मूल अजून मोठं व्हायचं आहे अशी निशाणी. सतरा-अठराव्या वर्षापर्यंत ती भरून येते. या फोटोत ती रेघ कुठेच नव्हती. उलट हाडांच्या कडा झिजून बारीक काटे आले होते. असा गुडघा नऊ वर्षांच्या पोराचा नसतो. चाळिशी उलटलेल्या, वर्षानुवर्षं जिने चढलेल्या माणसाचा असतो.

तिनं डबा बंद केला. खरं म्हणजे तिनं आधी ताईकडे जायला हवं होतं. किंवा त्या माणसाला एकट्याला विचारायला हवं होतं. पण वीस वर्षांची सवय. दिसलं ते लिहून पाठवायचं, पुढचं ज्याचं त्यानं बघायचं. आणि खोटं का बोला, जुळ्या मुलींच्या वेळी ती स्वतःही फसली होती. या वेळी आपण फसलो नाही याचं तिला क्षणभर बरं वाटलं. तिनं मास्तरांना लिहिलं, "हा मुलाचा गुडघा नाही. मोठ्या माणसाचा आहे. शंभर टक्के."

मास्तरांनी तिचा निरोप जसाच्या तसा ग्रुपमध्ये टाकला.  मग धरण फुटलं. हरामखोर, पोरांच्या दुखण्यावर जगणारा, तुझं तळपट होवो. ज्या आजींनी टोपी विणली होती त्यांनी लिहिलं, "तुला कधी पोर होऊ नये." संध्याकाळपर्यंत तीन-चारशे शिव्या झाल्या. मग त्याचं उत्तर आलं, एकच.

"बाईंनी बरोबर ओळखलं. पिटुक नाही. माफ करा."

मास्तरांनी त्याला ग्रुपमधून काढून टाकलं.

छोटी धावतच ताईकडे गेली. ताई खुर्चीवर नव्हती. पुन्हा अंथरुणावर, भिंतीकडे तोंड.

"ताई, मला आधी तुला सांगायचं होतं गं."

"तुला कुणी विचारलं होतं?"

"मास्तरांनी..."

"मास्तरांनी विचारलं. मी विचारलं होतं का?" ताई वळली. डोळे कोरडे होते, आवाजही. "पिटुक नाही हे मला दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं."

छोटी खाटेच्या कडेवर बसली. "कसं?"

"तो पोरगा कधी चावला नाही. दादू मला चावला होता, आठवतंय? इथे, मनगटाला. औषध थुंकायचा, मला म्हणायचा तू जा, तू वाईट आहेस, तुझ्यामुळे झालं. आजारी पोर आईबापाला फाडून खातं, छोटे. हा पिटुक नुसता शहाणा. बापाला कधी उलटून बोलला नाही. ज्यानं पोर वाढवलं नाही त्यानंच बनवलेला पोरगा होता तो."

"मग तू रोज लिहीत का होतीस?"

"पोरगा खोटा होता. दुखणं खोटं नव्हतं. पांघरुणाचं ओझं होतं हे ऐकून कळत नाही कुणाला. ते ज्याचं जळतं त्यालाच कळतं." ताईनं पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. "कुणाचं तरी दुखत होतं आणि मला त्यावर उपाय माहीत होता. सकाळी उठायला तेवढं पुरत होतं. आता जा."

छोटी घरी आली, पण ताईचं बोलणं डोक्यातून जाईना. दुखणं खोटं नव्हतं. तिनं तो एक्स-रे पुन्हा उघडला. आजवर तिनं फक्त कुणाचा नाही एवढंच पाहिलं होतं. कुणाचा आहे हे पाहिलंच नव्हतं.

फोटोच्या कडेला एक अक्षर उमटलं होतं. डावा पाय की उजवा हे कळावं म्हणून एक्स-रे काढताना शिशाचं एक छोटं अक्षर बाजूला ठेवतात. या अक्षराचा पाय मोडका होता आणि त्याला चिकटपट्टीची सावली होती.  ते अक्षर तिनं ओळखलं. नोकरीच्या आधी ती ज्यांच्या हाताखाली शिकली, त्या उस्तादांचं ते होतं. तिच्याच हातून पडून मोडलं होतं, आणि उस्तादांनी नवं न घेता पट्टी लावून तेच चालवलं होतं. "माणसं मोडकी चालतात, अक्षराला काय झालं?" असं म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ती शहराच्या दुसऱ्या टोकाला त्या जुन्या दवाखान्यात गेली. उस्ताद आता पार वाकले होते, निवृत्तीला चार महिने उरले होते. त्यांनी फोनवरचा फोटो लांब धरून पाहिला.

"आमचाच आहे. पण तुला कशाला हवाय? पेशंटचं असं कुणाला सांगत नसतात, हे मीच तुला शिकवलंय."

छोटीनं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. त्या शिव्याही वाचून दाखवल्या. उस्ताद बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस आहे," ते शेवटी म्हणाले. "चव्वेचाळीस वर्षांचा. नेहमी एकटाच यायचा. पाय टेकवत नव्हता तरी एकटाच. मी म्हटलं, अरे, सोबत कुणी आण. तर म्हणतो, आणतो की, बनवायला टाकलंय. मला वाटलं चेष्टा करतोय." त्यांनी वरच्या मजल्याकडे बोट केलं. "पाय काढला मागच्या महिन्यात. आता छातीतही पसरलंय. तू गेलीस तर मी पाहिलं नाही."

वरचा वॉर्ड लांबट होता. आठ खाटा, हिरवे पडदे, फिनेलचा वास. शेवटच्या खाटेवर खिडकीकडे तोंड करून एक माणूस उशांना टेकून बसला होता. आडव्या हाडाचा, दणकट असणार कधी काळी. आता कपडे खुंटीवर टांगल्यासारखे दिसत होते. चादरीखाली एकच पाय. आणि ज्या जागी दुसरा असायचा, तिथे पुठ्ठ्याचं खोकं ठेवलेलं होतं. त्याला चौकोनी खिडकी पाडली होती.

छोटी खाटेपाशी गेली.  "मी... एक्स-रे पाहिला ती."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. रागावला नाही. "बसा. शिव्या राहिल्यात का काही?"

"नाही."

"मग बसा." जरा वेळानं तो म्हणाला, "गुडघ्यावरून वय कळतं हे मला माहीत नव्हतं. नाही तर दुसरा एखादा फोटो शोधला असता. लिफ्टचं मला विचारा, दोरावरून वर्ष सांगेन."

"का केलंत असं?"

"आधी खरं लिहिलं होतं. दुसऱ्या एका ग्रुपवर. चव्वेचाळीस वर्षांचा आहे, गुडघ्यात गाठ आहे, फार दुखतं. एकानं लिहिलं, डॉक्टरांना दाखवा. एकानं अंगठ्याचं चिन्ह टाकलं. बस्स. तीन आठवडे वाट पाहिली." त्यानं खोक्याची कड सारखी केली. "मग वाटलं, चव्वेचाळीस वर्षांच्या बाप्याचं दुखणं कोण वाचणार. तेच नऊ वर्षांच्या पोराचं करून लिहिलं. एक शब्द जास्त घातला नाही हो. रोज जे होत होतं तेच. फक्त पोराचं केलं, आणि मी बाप झालो."

"घरी कुणीच नाही?"

"अनाथालयात वाढलो. तिथली स्वयंपाकीणबाई मला पिटुक म्हणायची. ती गेली, मग नाव पण गेलं." तो हसला, पण खोकला आला, आणि खोकल्यानं सगळं अंग आवळलं. छोटीनं पाणी दिलं. मग तो हळू म्हणाला, "लोक लिहायचे ते बरं वाटायचंच. पण खरी गंमत वेगळी. संध्याकाळी लिहायला बसलो की बाप व्हावं लागायचं. पोराला काय म्हणायचं, कसं उचलायचं, विचार करावा लागायचा. मला कुणी असं उचललं नव्हतं. मीच मला उचलत होतो म्हणा. लबाडीच ती. मास्तर चूक नव्हते."

छोटीनं पाण्याचा पेला खाटेजवळ ठेवला. 

"त्या ताई," तो म्हणाला, "सकाळी लिहायच्या. खोकं सांगितलं त्यांनी. त्या कशा आहेत?"

"माझी बहीण आहे ती."

त्यानं खिडकी पाडलेल्या खोक्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "त्यांना सांगा, मी त्यांना तेवढं..." आणि वाक्य त्याच्याच्यानं पुरं झालं नाही.

छोटीनं ठरवलं, ताईला इथे आणायचं. तिच्या मनानं सगळं रचूनही टाकलं. एकीचं मूल गेलेलं, एकाला आईबाप नाहीत. दोघांचं जमून जाईल, झालेली चूक निस्तरली जाईल. माणूस चूक केली की अशीच स्वप्नं बघतो.

ताई यायला तयार झाली, हेच नवल. शनिवारी दुपारी तिनं साडी बदलली, पिशवीत बर्फाचा थर्मास घेतला. वॉर्डच्या दारात मात्र तिचे पाय अडले. फिनेलचा तो वास, पडद्यांच्या कड्यांचा आवाज. छोटीनं तिचा दंड धरला. तरी ती आत गेली.

लिफ्टवाल्यानं दाढी करून घेतली होती. हनुवटीवर कापल्याची खूण होती. ताई समोर येताच त्यानं उठायचा प्रयत्न केला.

"असू दे, असू दे," ताई म्हणाली.

"बसा ना."

ताई बसली. खोक्याकडे पाहिलं. "चांगलं कापलंय."

"तुम्हीच सांगितलं."

"तोंड बरं आहे?"

"बरं आहे. बर्फानं उतार पडला."

आणि मग संपलं. दोन महिने रोज एकमेकांशी बोललेली माणसं, पण बोलणं कुठूनही सुरू होईना. ताई त्याच्या हाताकडे बघत होती. रुंद, केसाळ, नखांत तेलाचा काळेपणा कायमचा बसलेला हात. तो एकदा म्हणाला, "दादूचं सांगा काही." ताईनं तोंड उघडलं आणि मिटलं. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा कण्हत होता. भिंतीवरच्या घड्याळात दहा मिनिटं झाली. ताई उठली. थर्मास खाटेजवळच्या कपाटावर ठेवला.

"बरं, येते मी. काळजी घ्या."

"हो," तो म्हणाला. "तुम्ही आलात, खूप झालं." दोघांनाही ठाऊक होतं की ती पुन्हा येणार नाही.

बाहेर रस्त्यावर ताई भराभर चालायला लागली. छोटीला गाठता येईना. कोपऱ्यावर बंद दुकानाच्या पायरीवर ताई मटकन बसली.

"ताई, अगं, काय झालं?"

"माणूस चांगला आहे गं," ताई म्हणाली. "बिचारा दाढी करून बसला होता. पण मला त्याचं काही वाटलं नाही. एवढंसुद्धा नाही. खोटा पोरगा होता तोवर जीव तुटत होता माझा. आणि हा खराखुरा समोर मरतोय तर मला फक्त तिथून पळायचं होतं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "त्यानं खरं लिहिल्यावर दोन उत्तरं आली म्हणालीस ना तू? तिसरं माझंही आलं नसतं."

छोटीनं मास्तरांनाही सगळं सांगून पाहिलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, वाईट वाटलं असंही म्हणाले. "पण बाई, म्हणजे खोटं होतं ते होतंच ना? उद्या प्रत्येक जण म्हणेल, माझं कारण वेगळं आहे." ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी ग्रुपमध्ये नियम केला, की नव्या माणसानं आधी एक्स-रे दाखवावा, श्वासधराबाई तपासतील, मगच लिहावं. छोटीला नाही म्हणता आलं नाही. रोज एकदोन फोटो यायला लागले. काळ्या रेघा असलेले, छोटे छोटे गुडघे. ती लिहायची, खरा. खरा. खरा. प्रत्येक वेळी "खरा" लिहिताना तिला शिवी दिल्यासारखं वाटायचं.

ती लिफ्टवाल्याकडे चार-पाच वेळा गेली. फार बोलणं नसायचं. तो थकला होता, औषधानं बराच वेळ झोपेतच असायचा. एकदा जागा होता तेव्हा म्हणाला, "ग्रुपवर काय चाललंय ते वाचा ना." तिनं वाचलं. एका आईनं लिहिलं होतं, धड वाक्यं नव्हती, सगळं एकमेकांत घुसलेलं. मुलगी उलट्या करते, नवरा बोलत नाही, काय करू, औषधाचं नाव चुकलेलं, मुलीचं वय एकदा सात एकदा आठ.

"काय उत्तरं आली?"

"एक. वय नक्की किती ते सांगा, म्हणून."

"खरी आहे ती," तो डोळे मिटून म्हणाला.

"कशावरून?"

"किती वाईट लिहिते." जरा वेळानं म्हणाला, "तुम्ही तरी लिहा तिला."

छोटीनं तिथेच बसून लिहिलं. पण तोवर त्या बाईनं ग्रुप सोडला होता. छोटीनं त्याला सांगितलं नाही. तो झोपला होता, किंवा तिनं तसं धरलं.

पुढचा आठवडा तिच्या दवाखान्यात दोन जणी रजेवर होत्या. छोटीला श्वास घ्यायला फुरसत नव्हती, जाणं झालं नाही. शुक्रवारी उस्तादांचा फोन आला. "तुझा माणूस गेला काल दुपारी. कुणी नव्हतं म्हणून तुला कळवतोय. पुढचं सगळं दवाखान्यानंच केलं."

ती कामावरून थेट ताईकडे गेली. ताई पडून होती, पडदे ओढलेले. खोलीत शिळ्या हवेचा वास होता. छोटीनं उभ्या उभ्या सांगितलं.

"कधी?"

"काल."

"जवळ कुणी होतं?"

"नाही."

"दुखत होतं का फार?"

"औषध वाढवलं होतं, म्हणाले उस्ताद."

"म्हणजे दुखत होतं," ताई म्हणाली, आणि पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं.

छोटीनं स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला. दोन कप भरून आणले. ताईचा कप उशाशी ठेवला, आपला घेऊन खुर्चीवर बसली. तिनं दोनदा ताईला हाक मारली. आतून हूं की चूं नाही. तिचा चहा पिऊन झाला. उशाशी ठेवलेल्या कपावर साय धरली. मग तिनं दोन्ही कप विसळले, पालथे घातले, आणि चप्पल घालून ती निघाली.